प्रकल्प नोंदी: धाकट्या नणंदेच्या लग्नाचे दागिने, नवरी आणि नवरदेव दोघांचे

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

श्रावण संपला तसं घरात लग्नाचं वारं शिरलं. सकाळी चहा पिता पिता अण्णांनी खाती वाटून टाकली, हॉल आणि जेवण ह्यांच्याकडं, साड्या मानपान आईंकडं, दागिने माझ्याकडं. मी ऑफिसात स्टोअर बघते, आलेला गेलेला माल रजिस्टरला चढवायची सवय, म्हणून इथं पण तेच करायचं, तारीख टाकून जे ठरलं ते लिहायचं. नाहीतर आमच्या घरात मंगळवारी ठरलेलं गुरुवारी कुणालाच आठवत नाही आणि मग "मी कधी म्हणले गं असं" सुरू होतं.

आवाका असा. नवरी बार्शीला बँकेत आहे, रोज एसटीनं जाऊन येऊन करते. नवरदेव सोलापूरच्या पूर्व भागातले, पद्मशाली (तेलुगू विणकर समाज), घरात तेलुगू, बाहेर आपल्यासारखं सोलापुरी मराठी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूमवरचं काम बघतात. लग्न नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी त्यांच्या पद्धतीनं, दुपारी अंतरपाट आणि मंगलाष्टका आपल्या पद्धतीनं, संध्याकाळी रिसेप्शन. म्हणजे एका दिवसात तीनदा नटायचं आणि दोनदा उतरवायचं.

बजेटचा आकडा इथं लिहीत नाही. एवढंच की १० ग्रॅमचा भाव लाखाच्या वर जाऊन बसलाय त्यामुळं तोळ्याच्या गप्पा बंद, सगळं ग्रॅमवर आलंय. आज्जी मात्र अजून गुंजा आणि मासे बोलतात, ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, तोंडपाठ. त्यांचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, बाजारातला आता सरळ १० चा, त्यामुळं त्या म्हणतात ते वजन काट्यावर ठेवल्याशिवाय यादीत धरायचं नाही.

आणि एक मी आधीच सांगून ठेवलं, ट्रे बघून काही ठरवायचं नाही. कुठल्या विधीला अंगावर काय असणार आणि त्यावर काय पडणार हे आधी लिहायचं, मग दुकान. माझ्या लग्नात जो तो काउंटरला बसून "हे पण छान दिसतंय की" करत गेला आणि माझा लक्ष्मीहार तेव्हापासून लॉकरात आहे.

१ सप्टेंबर, सोमवार

लक्ष्म्या (गौरी) बसल्यात. त्यांना घालायला लॉकरातलं सगळं घरी आणलेलं होतंच, म्हणून जुन्या मालाची मोजणी आजच उरकली, प्रत्येक डागाचा (दागिन्याचा) मोबाईलवर फोटो आणि कुणाचा, कुणी दिला, ते आज्जींना विचारून खाली लिहिलं. ठुशी आज्जींच्या आईची. बोरमाळ, मोहनमाळ आज्जींची. पाटल्या आईंच्या लग्नातल्या. वज्रटीक कुणाची ह्यावर आई आणि आज्जींचं एकमत नाही, तो रकाना रिकामा. आईंच्या रोजच्या चार बांगड्या झिजून कागद झाल्यात, ह्यांची एक चेन तुटून कितीक वर्षं डबीत पडलीय, बुगडी एकच सापडली, जोडीची दुसरी बहुतेक आत्याकडं.

दोन्ही लक्ष्म्यांना बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. ठुशी, वज्रटीक, चिंचपेटी हे तिन्ही गळ्याला घट्ट बसणारे, एकाच उंचीवर येतात. मूर्तीला एकावर एक घातले तर कोण बोलणार, पण माणसाला मान वळवायची असते, वाकून नमस्कार करायचे असतात, आणि घशाला टोचायला लागलं की फोटोत तोंडावर दिसतं. म्हणून गळ्यालगत एकच. नवरीनं ठुशीवर बोट ठेवलं. आईंचं म्हणणं ठुशी असेल तर खाली कोल्हापुरी साज पाहिजेच, २१ पानांचा, दशावतार अष्टमंगल सगळं असलेला, "आपल्याकडची पोरगी साजाशिवाय उभी राहिली तर बायका काय म्हणतील." ह्या विषयावर आज सण आहे म्हणून मी गप्प बसले.

१० सप्टेंबर, बुधवार

पितृपक्ष सुरू आहे, आई म्हणाल्या खरेदी नाही म्हणजे नाही. बरंच झालं, गर्दी नाही, सराफ बाजारात माणसं निवांत बसून बोलतात. आज फक्त जुन्याचा कस (शुद्धता) बघून घेतला, कॅरेट मीटरवर, आमच्यासमोर.

बांगड्या चार मिळून २४ ग्रॅम, सोनं ९० टक्के निघालं. चेन ९ ग्रॅम, ८७ टक्के, कडीपाशी तुटलेलं झाळून झाळून कस उतरलेला. पाटल्या २९ ग्रॅम, म्हणजे आज्जींचे "अडीच तोळे" बरोबर होते, त्यांना फोन करून सांगितलं तर म्हणल्या मग मी काय खोटं बोलत होते का. बोरमाळेचे मणी आत लाखेचे, वर सोन्याचा पत्रा, तिचं वजन बघून हुरळायचं नाही, मोडायला गेलं की लाख जळून जाते आणि हातात निम्मं पण राहत नाही.

मोडायचं काय आणि ठेवायचं काय, तिथंच बाकावर बसून ठरवलं. ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ, पाटल्या मोडायच्या नाहीत, असं काम आता कुणी करत नाही आणि केलं तर मजुरीच परवडणार नाही. ठुशीचा गोफ (मागचा दोरा) जुना झालाय, ती पटवेकऱ्याकडून (दागिने ओवून गाठून देणारा) परत गाठून घ्यायची, गोंडा नवीन, लांबी मागंपुढं करता येईल असा. मोडीत फक्त बांगड्या आणि चेन. हिशेब केला, २४ चे ९० टक्के २१.६ आणि ९ चे ८७ टक्के ७.८, दोन्ही मिळून साधारण २९.४ ग्रॅम शुद्ध, त्याला ०.९१६ नं भागलं की २२ कॅरेटचं ३२ ग्रॅम. वितळवताना थोडं जाणार. लांब हार एवढ्यातच बसवायचा.

दोन तीन ठिकाणी मजुरी विचारली तर उत्तरं वेगवेगळ्या भाषेत येतात. एकजण म्हणतो मजुरी अमुक टक्के, दुसरा म्हणतो टक्के कमी पण घट (घडवताना वाया जाणारं सोनं) वेगळी, तिसरा म्हणतो ग्रॅमवर. मी तर ग्रॅमवरच धरणार. कारण बघा, समजा २२ कॅरेटचा भाव १० ग्रॅमला १ लाख आहे आणि ३० ग्रॅमचा हार १२ टक्क्यांनी घेतला तर मजुरी ३६,०००. भाव १ लाख २० हजार झाला की तोच हार, तोच कारागीर, तेवढेच दिवस, आणि मजुरी ४३,२००. सोन्याला सोनं लावून देताना भाव वाढला काय न वाढला काय, आपली मोड पण त्याच भावानं जाते, मार बसतो तो ह्या टक्क्यातनं. हे ह्यांना समजावून सांगितलं तर म्हणाले तू ऑफिसात पण असंच डोकं खातेस का.

१४ सप्टेंबर, रविवार

नवरदेवाच्या घरी बैठक. त्यांच्या अक्का (मोठी बहीण) माझ्यासारख्याच वही घेऊन बसलेल्या, तेव्हाच जमणार हे कळलं. चहाच्या आधीच आम्ही दोघी विषयावर आलो.

त्यांच्या सकाळच्या विधीचं अक्कांनी एकेक करून सांगितलं आणि मी समोर दागिना लिहीत गेले. दोघांच्या कपाळाला बाशिंग. मुहूर्ताला एकमेकांच्या डोक्यावर जिरं गूळ ठेवायचा, विड्याच्या पानावर. मग पुस्ते (त्यांच्याकडच्या मंगळसूत्रातल्या सोन्याच्या वाट्या) बांधायचे, दोन असतात, एक नवरीच्या घरून आणि एक नवरदेवाच्या घरून, हळदीच्या दोऱ्यात ओवून तीन गाठी. त्यानंतर हळदीच्या अक्षता ओंजळीनं एकमेकांवर ओतायच्या, हा भाग पोरापोरींना फार आवडतो, अर्धा किलो तांदूळ तरी नवरीच्या गळ्यात जाणार. पायात चांदीची जोडवी नवरदेव घालतात.

आता ह्यात दागिने बसवा. डोक्यावर गूळ ठेवायचाय म्हणजे भांगातलं काही नको, चिकटलं तर निघणार नाही. कपाळावर बाशिंग आहे म्हणजे चंद्रकोर लहान. ओल्या हळदीचे तांदूळ अंगावर येणार म्हणजे मोती अजिबात नको, मोत्याला हळद लागली की पिवळेपणा जात नाही आणि ओवलेला दोरा पण रंगतो. सोन्याला काय, धुतलं की झालं. तिथल्या तिथं ठरलं, सकाळी सोनं, दुपारी मोती. सगळ्या प्रकल्पात मला पटलेला निर्णय हा एकच, बाकी सगळे तडजोडीचे.

सकाळी गळ्यात बोरमाळ आणि त्यांच्याकडची एक मोठी माळ, दंडात त्यांची वंकी, कमरेला वड्डाणम. वड्डाणम सोन्याचं करायचं म्हणजे घर विकायला लागेल, अक्का स्वतःच म्हणाल्या वन ग्रॅमचं (सोन्याचा मुलामा दिलेलं) आणू, कुणी कमरेला कस लावून बघणार आहे. ठुशी सकाळी नको, बारीक मण्यांत तांदूळ अडकतात. आपल्याकडचा पुस्ता आपण करायचा, वजन ठरलं ३ ग्रॅम, दोन्ही सारखे, एकाच कारागिराकडून, म्हणजे कुणाचा जड कुणाचा हलका प्रश्नच नाही. आपलं मंगळसूत्र दुपारी, ते त्यांच्याकडून. दोन वाट्यांचं, काळे मणी, आणि त्यांच्या आईंची इच्छा म्हणून मध्ये दोन पोवळी.

मग नवरदेवाचं काय विचारलं तर सगळे गप्प. नवरदेवाला म्हणजे एक चेन एक अंगठी आणि झालं, असंच सगळीकडं. ते स्वतः शेवटी बोलले. लूमवर काम करणाऱ्यानं गळ्यात हातात काही घालायचं नसतं, चालत्या मशीनमध्ये चेन गेली तर गळा जातो, अंगठी अडकली तर बोट. त्यामुळं रोज घालायची म्हणून काही घेऊ नका. ह्यांनी लगेच "मग काय बे, लग्नात मोकळ्या बोटानं उभा राहणार का?" तर म्हणाले लग्नात घालतो की, पण गेटवर काढून ठेवता येईल अशी द्या. खडा नसलेली, आतून गोलाई असलेली साधी अंगठी, ५ ग्रॅमच्या आसपास. चेन रद्द. गळ्यात त्यांच्या वडिलांचा जुना गोफ (सोन्याची पिळाची जाड साखळी), पॉलिश करून. चेनचे पैसे वाचले ते मी अण्णांना लगेच सांगितलं नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

घट बसलेत पण घरात सणासारखं काही नाही. सीना नदीला पूर आलाय, मोहोळ, माढ्याकडची गावं पाण्यात, लांबोटीजवळ पुण्याचा हायवे बंद होता. मोहोळकडच्या मावशींच्या शेतात कमरेएवढं पाणी, जनावरं वर आणून बांधलीत. दागिन्यांवर आज कुणी बोललं नाही. आईंनी साजाचा विषय स्वतःच सोडला, त्यासाठी बाजूला काढलेल्यातले थोडे मोहोळला पाठवले. यादीतून साज काढला.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

दुपारी सराफ बाजार, पाऊल ठेवायला जागा नाही. मोड आजच दिली, समोर वितळवून घेतली, ३२ चे ३१.६ ग्रॅम धरले गेले, ठीक. हाराचं वजन ३० च्या आत, मजुरी ग्रॅमवर (एक तास लागला एवढ्यासाठी, मालक शेवटी म्हणाले वहिनी तुम्ही दुकानात कामाला या). उरेल ते सोनं आपल्या पुस्त्याला आणि कानाच्या वेलाला लावायचं. अंगठीची ऑर्डर दिली पण माप अजून बाकी.

हार कसला ह्यावर चर्चा लांबली. आईंना लक्ष्मीहार, मला पोहेहार, नवरीला काहीच लांब नको. तिचं बरोबर आहे, दुपारी गळ्यात फुलांचा हार पडतो, त्याच्या जरीत आणि तारेत सोन्याच्या हाराची पानं अडकतात, काढताना ओढाताण. म्हणून चपट्या पानांचा, कडा गुळगुळीत असलेला पोहेहार, आणि मध्ये फासा असा ठेवायचा की दोन भाग सुटतात, वरचा भाग नंतर एकटा साध्या साडीवर घालता येईल. कारागिरानं कागदावर काढून दाखवलं. हे जमलं तर हार लॉकरात मरणार नाही.

आईंना सगळं रोखीत द्यायचं होतं, "कशाला त्या बँकेच्या भानगडी." त्यांना सांगितलं २ लाख आणि त्याच्या वरची रक्कम रोखीत दुकानदाराला घेताच येत नाही, आणि २ लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतोच. मुलगी बँकेत आणि आई अशी.

१२ ऑक्टोबर, रविवार

मधले काही दिवस काही हललं नाही, कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची गर्दी, तुळजापूर रस्ता बंद, अण्णा पण चालत गेले आणि पाय सुजवून आले.

आज तालीम. नवरीला नऊवारी नेसवून सगळं घालून बघितलं, जे अजून तयार नाही त्याच्या जागी माझं किंवा खोटं. अंतर फुटपट्टीनं मोजलं, हसा खुशाल. ठुशी गळ्यालगत, त्याच्या खाली चार बोटं मोकळी, मग तन्मणी, मग पोहेहार. ती चार बोटं मोकळी सोडलीत ती मंगळसूत्रासाठी, कारण ते विधीच्या मध्येच येणार, आणि आधीच जागा भरून टाकली की मंगळसूत्र सगळ्यांच्या खाली दबतं, ज्याच्यासाठी एवढं सगळं तेच फोटोत दिसत नाही. तन्मणी (मोत्याच्या सरांचा हार) माझा देतेय, त्याचं खोड (मधलं पदक) मोठं आहे पण सर हलके.

नथ हा वेगळाच विषय निघाला. तिचं नाक टोचलेलं नाही, टोचायचं म्हणलं तर आता टोचून लग्नापर्यंत नीट भरेल का ह्याची धास्ती, आणि ओल्या नाकात जड नथ कुणी घालू नये. म्हणून दाबाची. बाजारात दाबाच्या नथी ढिगानं आहेत, त्यातल्या निम्म्या घास घेताना ताटात पडतील अशा. आम्ही सोन्याच्या तारेची, बारीक मोत्यांची, मध्ये एक लाल खडा, अशी करायला टाकली, वजन दीड ग्रॅमच्या आत. तालमीत माझी नथ घालून तिला लाडू खायला लावला, पाणी प्यायला लावलं, उखाणा घ्यायला लावला. उखाण्यात नथ हलते, पण पडली नाही.

कानात आज्जींच्या मोत्याच्या कुड्या दुपारी, सकाळी झुबे. झुबे जड आहेत म्हणून वेल कानावरून केसात अडकवायचा, वजन पाळीवर येत नाही. बुगडीची दुसरी आत्याकडंच निघाली, पण आत्या म्हणाल्या "माझी एक तुमच्याकडं आहे असं धरा." म्हणजे बुगडी कुणाची हे पण आता ठरवायला लागणार.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

भाव सव्वा लाखाच्या पुढं. काही घेतलं नाही. पूजेला जुनंच ठेवलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीत भाव बराच खाली आला, अंगठी आणि वेलाचे पैसे आज भरले. हार, पुस्ते, अंगठी, सगळं ताब्यात.

ताब्यात घेताना मी जे केलं ते लिहून ठेवते, पुढं दीर आहेत लग्नाचे. प्रत्येक डागावर तीन खुणा बघायच्या, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) त्रिकोण, २२के९१६, आणि सहा अक्षर आकड्यांचा एचयूआयडी (त्या डागाचा स्वतंत्र ओळख नंबर). १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी नसलेला नवा हॉलमार्क दागिना दुकानात विकता येत नाही. तो नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की डाग कुठला, कस किती, कुणी तपासला ते येतं. मी एकेक टाकत बसले, भिंग त्यांच्याकडंच मागितलं, मागं लाईन लागलेली, ह्यांनी बाहेर जाऊन उभं राहायचं पसंत केलं. हॉलमार्कची फी नगाला ४५ रुपये अधिक जीएसटी, बिलात वेगळी दिसायला पाहिजे. नथीवर खूण नाही, ते बरोबर आहे, २ ग्रॅमच्या आतल्याला सक्ती नाही. बिलात मोती आणि खड्यांचं वजन वेगळं, सोन्याचं वेगळं लिहून घेतलं, नाहीतर मोती पण सोन्याच्या भावानं जातात. शेवटी एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी.

गोफ पॉलिशला दिला नवरदेवाच्या वडिलांनी, मी अक्कांना म्हणलं देताना वजन लिहून घ्या आणि आणताना परत करा. किंचित घटतंच, पण किंचित म्हणजे किती ते आपल्याला माहीत असावं.

२ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचं लग्न. संध्याकाळी मधल्या मारुतीकडं बाजारात जाऊन बाशिंग, मुंडावळ्या आणि चुड्याचं बघितलं. मुंडावळ्या मोत्याच्या घेतल्या दोघांना सारख्या, लांबी मुद्दाम कमी, लांब असल्या की नथीत अडकतात आणि नवरीची नजर सतत नाकावर.

हातांचं गणित: हिरवा चुडा, त्यात आईंच्या पाटल्या, बाहेरून माझे तोडे. तोडे पेचाचे (स्क्रूनं उघडणारे) आहेत म्हणून बसले, पाटल्या मात्र सरकवायच्या, आणि काच आत घातल्यावर पाटली मुठीवरून जाणार नाही, म्हणून आधी पाटल्या मग चुडा असा क्रम कासारणीला सांगून ठेवला. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. बरोबर आहे तिचं, चाळीस वर्षं हात भरतेय बाई.

पायात चांदीच. पैंजण हुपरीकडचे, घुंगरू कमी. सोनं पायात नको ह्यावर दोन्ही घरचं एकमत.

९ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस नवरदेवाचा.

सकाळी पांढरं धोतर, उपरणं, बाशिंग, गळ्यात गोफ, एवढंच, आणि ते असे काही उमदे दिसत होते की अक्का म्हणाल्या बाकी सगळं रद्द करा. पण दुपारी शेरवानी फेटा ठरलेला. फेट्याला शिरपेच घेतला तो इतका जड की फेटा पुढं झुकायला लागला, बदलून हलका मोत्याचा तुरा घेतला. गळ्यात मोत्यांची दोन पदरी कंठी, खोट्या मोत्यांची, बटणं शेरवानीच्या रंगाची. ब्रूच आणि कंठी दोन्ही नको, एकच, ब्रूच काढला. भिकबाळी त्यांच्या मित्रांनी हट्टानं आणली, दाबाची, वरच्या कानाला. त्यांनी आरशात बघून विचारलं, "वहिनी, मी पेशवा दिसतोय का लूमवाला?" लूमवाला भिकबाळी घालून दिसतोय म्हणलं.

अंगठी सैल निघाली. माप ऑक्टोबरच्या दुपारी घेतलेलं, उन्हात बोट फुगतं, आता सकाळी गारवा पडलाय. तसं ती सहज निघावी असंच ठरलेलं, पण सहज निघणं वेगळं आणि पाण्यात हात घातला की जाणं वेगळं, अर्धं माप कमी करायला दिली, चार दिवसांत मिळेल. नवरीच्या अंगठीचं त्यांनी स्वतःच बघितलंय, आम्हाला दाखवली नाही.

रोजच्या वापराचं मंगळसूत्र वेगळं करायचं नवरीनं आज सांगितलं. छोटं, गळ्यालगतचं, ड्रेसच्या आत राहणारं, एसटीत खिडकीशी बसायला भीती वाटू नये असं. नवरदेवाच्या आईंना आधी थोडं लागलं, मग त्यांनीच गळ्यातलं काढून दाखवलं, त्या पण कामावर जाताना पुस्ते आत टाकूनच जायच्या. ८ ग्रॅम, १८ कॅरेट, कारण रोज ओढाताण होणार आणि १८ जरा कडक असतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

पेट्या. तीन स्टीलचे डबे, सकाळ, दुपार, संध्याकाळ, झाकणावर चिठ्ठी, आत फोटो आणि नगांची यादी. सकाळचा डबा अक्कांकडं, दुपारचा माझ्याकडं, संध्याकाळच्या डब्यात सगळं खोटं आहे, तो ह्यांच्याकडं दिला तरी चालेल. रिसेप्शनला खोटं घालायचं हे आईंना अजून पूर्ण पटलेलं नाही पण रात्री साडेदहाला हॉलमध्ये चारशे माणसं हात मिळवून जाणार, फोटोवाल्याची पोरं फिरणार, तिथं खरं घालून मी जेवणार कधी.

डब्यासोबत एक पाऊच: सेफ्टी पिना, काळा दोरा, पांढरा दोरा, सुई, छोटी पक्कड, नथीसाठी मेकअपची टेप, मोती पुसायला मऊ फडकं. सेंट मारायचा तो मोती घालायच्या आधी, ब्युटी पार्लरवालीला लिहून दिलंय कारण ती हो हो म्हणून विसरते. आणि दर बदलाला आम्हा दोघींपैकी एकीनं यादीवर टिक केल्याशिवाय नवरी खोलीबाहेर येणार नाही.

१ डिसेंबर, सोमवार

लग्न झालं. नोंद पूर्ण करते आणि झोपते.

सकाळचा डबा बरोबर, एक सोडून. बोरमाळेच्या मण्यांत आणि झुब्यांत तांदूळ निघाले, झुब्याची लोलकं पाण्यात भिजत ठेवलीत. ठुशी सकाळी घातली असती तर आज दिवसभर सुई घेऊन बसलो असतो. दुपारी मंगळसूत्र त्या मोकळ्या चार बोटांतच बसलं, फोटोवाल्यानं कुणाला काही हलवायला सांगितलं नाही. नथ उखाण्यात पडली नाही, सुनमुख बघताना पडली, आज्जींच्या मांडीवर. तुरा वाजंत्रीत दोनदा निसटला, पिन होतीच. खोट्या कंठीचं एका पाहुण्यांनी कौतुक करून वजन विचारलं, नवरदेवांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं दहा तोळे.

बाकी राहिलेलं: वड्डाणम अक्कांना परत. माझे तोडे पाटल्यांच्या डबीत गेलेत ते काढून घेणे. तन्मणीचा एक सर ढिला झालाय, पटवेकऱ्याकडं. बँक उद्या साडेदहाला, लॉकरला मी आणि आई. पोहेहाराचा वरचा भाग नवरीनं काल सत्यनारायणाला घातला, तो तिच्याकडंच राहील, लॉकरच्या यादीतून वजा. वज्रटीकेचा रकाना अजून रिकामा आहे आणि आत्या बुगडीसाठी रविवारी येणार आहेत.